बी ए के म्हणजे बाकी

रविवार, १२ जानेवारी २०२५

रिद्धीने आज दुपारी येऊन मला कामाला लावलं. रिद्धी माझ्या भावाची मुलगी, पालघरला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, फाइलच्या नावापुढे टिंब देऊन ती तीन अक्षरं लिहायची पद्धत कोणी पाडली, आणि तीनच का? मॅडमना उत्तर येईना. मॅडम गाडीत बसून थेट उमरोळीला, आत्याच्या दारात.

"आत्या, पंधरा फेब्रुवारीला कॉलेजात कार्यक्रम हाय. तू ये नि सांग मुलींना. तू त्या काळातली."

"त्या काळातली म्हणजे काय गो? मला काय संग्रहालयात ठेवलंय?"

पण मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. तारापूरच्या कारखान्यांत, रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मी बत्तीस वर्षं कॉम्प्युटर ऑपरेटर होते. आमच्या कंपनीत त्या खोलीत बसणारी पहिली बाई मीच. गार हवेची खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. साहेबसुद्धा मोज्यांवर यायचे, आणि एकाच्या मोज्याला भोक होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. रिद्धीला हो म्हटलं. मुद्दे लिहायला ही वही तिनेच आणून दिली.

जाताना दारात थांबून म्हणाली, "रामकिसन काका बोईसरची जागा सोडून परभणीला चाललेत. कायमचे. एकवीस फेब्रुवारीला." त्यांची मुलगी स्वरा हिच्याच कॉलेजात शिकवते, म्हणून हिच्याकडे सगळ्या बातम्या.

मी म्हटलं, मला काय त्याचं.

बुधवार, १५ जानेवारी

मुद्दा पहिला. आमच्या वेळच्या मशीनवर, म्हणजे डॉसमध्ये, फाइलला नाव द्यायचं तर आठ अक्षरं. मग टिंब. मग तीन अक्षरं, ती फाइल कसली आहे ते सांगायला. आठात नाव बसवायचं म्हणजे कसरत. "उपस्थिती" इंग्रजी लिपीत लिहा पाहू आठ अक्षरांत. पुढे महिन्याचे दोन आकडे जोडायचे म्हणून आमच्याकडे तिची "उपस्थ" झाली होती आणि आम्ही दोन वर्षं ती मुकाट्याने वापरली.

मुद्दा दुसरा, माझी पद्धत. हा मी सांगणारच, कारण सगळ्या खोलीत माझ्याइतक्या नीटनेटक्या फायली कोणाच्या नव्हत्या. काम संपलं की पुढे पी यू आर, म्हणजे पुरं. संपलं नसेल तर बी ए के, म्हणजे बाकी. यादीवर नजर टाकली की काय राहिलंय ते कळायचं.

आमचा टायपिंगचा प्रोग्राम मात्र माझ्या बाकीवर कायम रुसलेला. बी ए के उघडायला गेलं की सांगायचा, ही उघडता येणार नाही, आधी नाव बदला. मी नाव बदलायची, लिहायची आणि लिहून झालं की पुन्हा बी ए के करून टाकायची. मशीन हट्टी तर मी दुप्पट हट्टी. आईवर गेलेय.

रविवार, १९ जानेवारी

आईचं नाव निघालं तर लिहूनच टाकते.

आईचं नाव बायडी. सातपाटीहून टोपली घेऊन चाळीस वर्षं पालघरला घरोघर मासळी विकली. अक्षराशी ओळख नाही, पण कोणाच्या घरी कोणत्या सालात कोणाच्या डोहाळजेवणाला कोणती मासळी गेली, सगळं तोंडपाठ. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत ती आजारी पडली आणि टोपली सुटली. घरात बसून सगळ्यांना बोलत राहायची. मी म्हटलं, आम्हाला बोलण्यापेक्षा तुझं सगळं सांग, मी लिहिते. सुट्टीच्या अकरा दिवसांत तिने सगळं सांगितलं. "लिव गो, नुसती तोंडाकडं बघतेस काय," असं म्हणत म्हणत.

ते मी वहीत लिहायची आणि कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मशीनवर चढवायची. आमच्याच खोलीतला दुसरा ऑपरेटर रामकिसन वहीतून मोठ्याने वाचायचा, मी इंग्रजी लिपीत टाइप करायची. तो परभणीकडचा. आमची बोली त्याच्या तोंडून ऐकली की मला हसू आवरायचं नाही. "हसा, हसा," म्हणायचा, "पण आय लिहिलं का आई, तेवढं बघा." अकराही दिवसांचं त्यानेच वाचलं.

वहीचं काय झालं? आईने तिची पानं फाडून शेजारणींना जवळा बांधून दिला. मी ओरडले तर म्हणते, "तुझ्या पेटीत गेला म्हनलीस ना सगला? मग कागद कशाला?" एप्रिलमध्ये ती गेली.

सगळा मजकूर बायडी नावाच्या फाइलमध्ये होता, पुढे बी ए के, कारण नीट प्रत करायची बाकी होती. जूनमध्ये ती करायला बसले. चार जूनला, शनिवारी, पहिल्या चार ओळी नीट लिहून बायडी, पी यू आर अशी नवी फाइल केली. सोमवारी सकाळी ती उघडून एक चूक दुरुस्त केली. दुपारी पुढचं घ्यायला बाकीची फाइल उघडते, तर आत त्याच चार ओळी. अकरा दिवसांचं सांगणं गेलं. आई गेली त्यानंतर पुन्हा एकदा गेली.

त्या दुपारी डिस्कवर जागा करायला जुन्या फायली कोण पुसत होतं? रामकिसन. दुसरं कोण असणार? सात दिवस तो म्हणत राहिला, हिराबाई, मी हात लावला नाही. आठव्या दिवसापासून गप्प. गप्प बसला म्हणजे कबूल झालं, असं मी धरलं. पुढची पंचवीस वर्षं आम्ही एकाच खोलीत बसलो आणि कामाचंही चिठ्ठीवर लिहून दिलं.

तो मला काहीतरी विचारणार आहे, असं त्या वर्षी ऑफिसातल्या बायका म्हणायच्या. बायका काहीही म्हणतात. पुढच्या वर्षी त्याने गावाकडची राहीबाई केली. बरंच झालं.

हे व्याख्यानात नको. खोडणार होते, पण वही माझी आहे.

गुरुवार, २३ जानेवारी

बोईसरला डोळे दाखवायला गेले. रिक्षा त्याच्या इमारतीवरून गेली. खिडकीचे पडदे उतरवलेत, गॅलरीत खोके रचलेत. मी बघितलं नाही, दिसलं.

सोमवार, २७ जानेवारी

रिद्धीने बरंच वाचायला आणलं होतं, चष्मा नवा आहे तोवर वाचून घेतलं.

साठीच्या दशकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एकाच मोठ्या मशीनवर बरेच जण काम करायचे. तिथे प्रत्येक फाइलला दोन नावं असायची, दोन्ही सहा-सहा अक्षरांची. पहिलं तिचं स्वतःचं, दुसरं ती कसली आहे ते सांगणारं. हे मला लगेच पटलं. माझ्या लहानपणी सातपाटीत आमच्या आळीत सात हिरा होत्या. नुसती हिरा म्हणून हाक मारली तर सात दारं उघडायची. म्हणून मी बायडीची हिरा.

त्यानंतर दुसऱ्या एका कंपनीचं मशीन आलं. त्याच्या आत छत्तीस-छत्तीस बिटांचे खण. एका अक्षराला सहा बिट, म्हणजे खणात अक्षरं मावणार सहा. नाव गेलं एका खणात. शेजारच्या खणाचा अर्धा भाग दुसऱ्या कामाला घेतलेला. उरलेल्या अर्ध्यात तीन अक्षरं. झालं, तीन!

मी इतकी वर्षं समजत होते की कोणीतरी शहाण्या माणसाने विचार करून तीन ठरवले असतील. जागा नव्हती, एवढंच. पुढे सत्तरीत छोटी मशीनं आली, त्यांनी आठ आणि तीन धरले. डॉसने तेच उचललं. अर्ध्या खणाची अडचण कधीच संपलेली, तीन अक्षरं मात्र चालूच.

मुलींना हे आवडेल. रामकिसनलाही आवडलं असतं. त्याला असल्या गोष्टींचं भारी वेड, कुठला स्क्रू कुठून आला ते विचारत बसायचा.

शनिवार, १ फेब्रुवारी

रिद्धी आली होती. बांगड्याचं कालवण केलं, तिने दोनदा भात घेतला. जेवताजेवताच मुद्दे वाचले.

एक. ते टिंब मशीन साठवतच नाही! आत अकरा घरं, आठ आणि तीन, सलग. टिंब फक्त माणसाला वाचायला सोपं जावं म्हणून पडद्यावर दाखवायचं.

दोन. काही तीन अक्षरं मशीनने स्वतःसाठी ठेवलेली असायची. त्यातलंच एक बी ए के. लिहिण्याच्या प्रोग्रामात एखादी फाइल दुरुस्त करून पुन्हा साठवली की आधीची प्रत तो फेकत नाही. त्याच नावाने, पुढे बी ए के लावून, बाजूला ठेवतो. चुकून काही बिघडलं तर जुनं हाताशी असावं म्हणून. आणि त्या नावाची आधीची फाइल तिथे असली, तर ती जाते. फार जुन्या मशीनांपासूनची ही रीत.

म्हणजे त्यांची जुनी प्रत आणि माझी बाकी, दोघींचं नाव एकच निघालं. गंमत आहे. मुली हसतील.

मी हे वाचून दाखवत होते आणि रिद्धीचा घास हातातच राहिला.

"आत्या, आजीच्या फायलींची नावं काय होती?"

"बायडी. एकीला पुढे पी यू आर, दुसरीला बी ए के."

"पुढचं नाव दोघींचं सेम?"

"मग वेगळं कशाला? एकाच बाईचं नाय का ते?"

तिने ताट बाजूला सारलं. मग विचारलं, फ्लॉपी आहे का अजून. आहे तर. त्या सोमवारी दुपारी दोन्ही फायली फ्लॉपीवर घेऊन ठेवल्या होत्या, पुरावा म्हणून. नंतर उघडून बघायचा धीर झाला नाही, टाकवलीही नाही. लग्नाच्या शालूसारखी कपाटात गुंडाळून ठेवलीय, आणि शालू तर माझ्याकडे नाहीच.

ती म्हणाली तिच्या ओळखीच्या मनीषकडे फ्लॉपी वाचायचं यंत्र आहे, शोधून ठेवायला सांगते, तूच ये. जाताना गप्प गप्प होती. तपासायला पेपर आले असतील.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चूक माझी होती.

आज एवढंच.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल लिहवलं नाही. आज लिहिते, क्रमाने.

मनीषचं पालघरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फ्लॉपी यंत्रात घातली तर जुना ओळखीचा आवाज आला, कर्र कर्र. मला वाटलं वाचणारच नाही. वाचली. पडद्यावर दोन नावं आली.

पी यू आर उघडली. आई समोर आली.

आमी सातपाटीचे. माझा बापूस तांडेल. माझी आय सुकी मासळी विकायची. मी ओली.

मग बी ए के उघडली. त्याच चार ओळी. पण पहिल्या ओळीत सातपाटी नव्हतं. सापताटी होतं. पी आणि टी ची अदलाबदल.

ती चूक माझी. शनिवारी घाईत झाली होती आणि सोमवारी सकाळी मीच दुरुस्त केली होती. चौऱ्याण्णवमध्ये मी बाकी उघडली तेव्हा चारच ओळी उरल्यात एवढंच दिसलं, त्यातलं एक अक्षर कोण बघतं? पण सापताटी असलेल्या चार ओळी या जगात एकाच ठिकाणी होत्या, माझ्या शनिवारच्या प्रतीत. फाइलवर तारीखही शनिवारची, ४ जून. रामकिसन पुसायला बसला तो सोमवारी.

सोमवारी मी दुरुस्ती साठवली. प्रोग्रामने आपलं काम केलं. शनिवारची प्रत उचलली आणि बी ए के नावाने नेऊन ठेवली. तिथे माझी आई बसली होती.

आणि हे सगळं मी याच वहीत एक तारखेला स्वतःच्या हाताने लिहिलंय. पुढे लिहिलंय, गंमत आहे.

"तुला तेव्हाच कळलं होतं?" मी रिद्धीला विचारलं.

"हो. पण तुझं तुला दिसू दे म्हटलं."

मनीष चहा घेऊन आला. "काकी, निघालं ना सगळं?" मी म्हटलं, निघालं.

मशीन मला दरवेळी सांगत होतं. ही उघडता येणार नाही, नाव बदला. मी नाव बदललं आणि पुन्हा तेच दिलं.

आज सारखी त्या आठव्या दिवसाची आठवण येतेय. सात दिवस नाही नाही म्हणणारा माणूस आठव्या दिवशी अचानक गप्प का होईल? तेव्हा वाटलं, कबूल झाला. आज दुसरं काहीतरी वाटतंय आणि त्याचा विचार करायची भीती वाटतेय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उमरोळी ते बोईसर एक स्टेशन. दोन गाड्या जाऊ दिल्या आणि घरी आले. कोथिंबीर आणायला गेले होते असं शेजारणीला सांगितलं. पिशवी रिकामी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गेले.

दार राहीबाईंनी उघडलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिराताई ना? या. लई वर्षं लावली." जसं काही मी चहाला येणार होते आणि रिक्षा मिळाली नव्हती.

घरात नुसते खोके. रामकिसन एका खोक्यावर बसून दोरी गुंडाळत होता. केस सगळे गेलेत. मला बघून उभा राहिला आणि दोरी हातातून सुटून सगळी उलगडली. मी काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं, ते सगळं विसरले. पर्समधून कागद काढून पुढे धरला. मनीषने दोन्ही फायली छापून दिल्या होत्या.

त्याने कागद चष्म्याजवळ नेला आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. लगेच. शोधावं लागलं नाही.

"सापताटी," म्हणाला. "सापडलं म्हणा तुम्हाला."

म्हणजे माहीत होतं. आठव्या दिवशी, सगळे गेल्यावर, त्याने माझ्या दोन्ही फायली ओळीने ताडून बघितल्या आणि मग मशीनवर तेच करून बघितलं होतं. एका खोट्या नावाची बाकी केली, त्याच नावाची पुरं केली, ती दुरुस्त करून साठवली आणि बाकी गेलेली बघितली.

"मग सांगितलं का नाही?"

"आईला जाऊन दोन महिने झाले होते, हिराबाई. तुमच्याच हातनं गेलं, हे कसं सांगावं? माझ्यावर राग होता तर तुम्ही निदान कामावर येत होता, जेवत होता. म्हणलं, असू द्या. निवळलं की सांगू."

"एकतीस वर्षं?"

"तुम्ही निवळलाच नाहीत."

राहीबाई म्हणाल्या, "मी ह्यांना दर दिवाळीला म्हणते, जाऊन सांगा एकदा. हे म्हणतात, पुढच्या वर्षी."

मला रडू यायला हवं होतं. राग आला. मी काय लहान मूल होते? माझी चूक माझ्यापासून लपवणारे हे कोण? पंचवीस वर्षं समोरासमोर बसून मी या माणसाला मनातल्या मनात चोर म्हणत राहिले, आणि तो मला म्हणू देत राहिला. हे सगळं मी मोठ्याने बोलले. चहा तसाच ठेवून उठले. माफी मागायला गेले होते आणि भांडून निघाले.

दोन पायऱ्या उतरले असेन. मागून त्याचा आवाज आला. वहीतून वाचायचा तसा, तोच सूर, परभणीच्या तोंडातली आमची बोली.

"बाय, मासळी हातात घेतलीस तर घरात घे. नाय तर ठेव खाली. सगल्यांनी उचलून बघायची नि कोनी न्यायची नाय, तिला पन वाटतं ना, आपन नापसंत हाय."

पालघरच्या एका बाईला आई हे म्हणाली होती. ती बाई रोज सगळी टोपली चिवडायची आणि काही घ्यायची नाही. तिसऱ्या दिवसाच्या सांगण्यातलं. मी साफ विसरले होते.

जिन्यात बसले. मग रडले. राहीबाई बाहेर येऊन शेजारी बसल्या, चहाचा कप माझ्या हातात दिला. गार झाला होता. प्यायले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज पुन्हा गेले. उद्याही जाणार. त्याला आईचं आठवतं. सगळं नाही, तुकड्यातुकड्याने. तो बोलतो, मी सुधारते, स्वराच्या लॅपटॉपवर तोच टाइप करतो. आता अक्षरं मराठीत उमटतात.

प्रोग्राम जुनी प्रत बाजूला ठेवतो, काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून, असं मी मुद्द्यांत लिहिलं होतं. आईची जुनी प्रत पंचवीस वर्षं माझ्या समोरच्या खुर्चीवर बसत होती, आणि मी निवृत्त झाल्यापासून एका स्टेशनाच्या अंतरावर राहत होती. मी तिच्याशी बोलत नव्हते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. साठेक मुली. सात हिरांवर हसल्या, अर्ध्या खणावर लिहून घेऊ लागल्या. मग बी ए के आलं. ठरवलं नव्हतं, पण सगळं सांगितलं. आई, चार ओळी, सापताटी, माझं चुकलं ते, मी एका माणसाशी बोलणं टाकलं ते. त्याचं नाव घेतलं नाही.

उन्नती नावाची एक मुलगी उठली. रिद्धीला तो तीन अक्षरांचा प्रश्न विचारणारी हीच म्हणे. "मॅडम, मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का?"

आठवून बघितलं. नव्हते म्हणाले. बुधवारी भांडले, गुरुवारी आणि काल कामाला बसलो. राहूनच गेलं.

शेवटच्या रांगेत राहीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेजारी तो, स्वराने आणलेला. मी माईकमधूनच म्हटलं, "रामकिसन, माझं चुकलं. तुम्ही हात लावला नव्हता." मुलींनी मागे वळून बघितलं. तो जागचा उठला, काय करावं ते कळेना, म्हणून नमस्कार केला आणि पुन्हा बसला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्या ते निघतात. ट्रक सकाळी येणार.

आज दुपारी शेवटची बैठक. खुर्च्याही बांधून झाल्या होत्या, तिघं जमिनीवर बसलो. अकरा दिवसांपैकी अडीच-तीन दिवसांचं हाताशी आलं असेल. त्याने बरंच ताणून बघितलं. बापाची होडी चार दिवस परतली नाही आणि आई बंदरावर उभी राहिली, ते सांगणं नवव्या दिवसाचं. मला तेच सगळ्यात जास्त हवं होतं. मी विचारलं. त्याने डोळे मिटून आठवून बघितलं आणि नकाराची मान हलवली.

"होडी आली एवढं आठवतं. आईचे शब्द नाहीत आठवत, हिराबाई. माझे घालू का?"

मी म्हटलं, नको.

ते गेलं. माझ्या हातून गेलं. हे आज कोणाशी न भांडता लिहितेय.

तो म्हणाला, परभणीहून रोज फोन करीन, सकाळी चहाच्या वेळी. जे आठवेल ते सांगीन, तुम्ही लिहा. वही ठेवा म्हणाला. मी म्हटलं, ठेवीन, पण तिच्यात जवळा बांधणार नाही. दोघं हसले.

मग त्याने फाइल साठवायला घेतली. नाव लिहिलं, बायडी. आणि गंभीर चेहरा करून मला विचारलं, "पुढं काय लावू?"

"आता मशीन लावतं आपलं आपण."

"तरी पण. तुमची पद्धत होती ना एक."

राहीबाई खोके मोजायला उठल्या होत्या, त्या दारातून म्हणाल्या, "झालं का तुमचं? पुरं झालं का एकदाचं?"

मी म्हटलं, नाही, बाकी आहे.